नाव आमचं, दार त्यांचं

११ फेब्रुवारी

सकाळी बेकरीवाल्याचा फोन. "ताई, दुकान विकलंत की काय? बोलला नाहीत काही."

"कोण म्हणतं विकलं म्हणून?"

"तुमची साइट उघडली की भलतंच काहीतरी येतंय."

खाली दुकानात जाऊन कॉम्प्युटर लावला. आमच्या दुकानाचं नाव टाइप केलं. समोर एक झुरळ. पांढरा कोट घातलेलं, एक डोळा मिटून हसणारं. आमच्याच धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीची साइट. नाव टाकायचं आमचं आणि दार उघडणार त्यांचं.

मला झुरळांची किळस येत नाही. आमचा धंदाच तो आहे. झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर. कपाटामागे सडलेला उंदीर मी ओढून काढते आणि हात धुऊन जेवायला बसते. पण झुरळाला कोट घालून हसवणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. आणि आमची गिऱ्हाइकं त्यांच्या दारात नेऊन सोडणाऱ्याची त्याहून जास्त. तसं करता येणारा माणूस जगात एकच आहे. साइट, तिचा पासवर्ड, सगळं पहिल्यापासून दादाकडे.

हे लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटतंय, ओकारीच्या आधी सुटतं तसं. त्याला फोन करत नाही. आत्ता तोंड उघडलं तर शब्द बाहेर पडतील की नाश्ता, सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी

केलाच फोन.

"दादा, साइट तू फिरवलीस?"

"हो."

मला वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलेल. मग मला बोलायला बरं पडलं असतं. पण हा सरळ 'हो' म्हणाला, जसं काही मी विचारलं, पंखा तू बंद केलास का.

"कोणाला विचारून?"

"तू आधी डॉक्टरकडे जाऊन ये. मग सगळं सांगतो."

हे त्याचं जुनंच. विषय कुठलाही असो, माझ्या तब्येतीवर आणून आपटायचा. दुकान बाबांनी काढलं. ते गेल्यावर आम्ही दोघांनी वाटून घेतलं: टेबल त्याचं, फवारणी माझी. गेल्या महिन्यात त्याला अचानक साक्षात्कार झाला की मागच्या खोलीत ड्रममध्ये आहे ते औषध फेकून द्यायचं. त्याऐवजी जेल लावायचं, कोपऱ्याकोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके. मी म्हटलं, झुरळं चाटतील आणि अजून वाढा म्हणतील. त्यावरून जुंपली. तो म्हणाला, ड्रम राहणार असेल तर मी इथे बसणार नाही. मी म्हटलं, नको बसूस. तेव्हापासून तो त्याच्या घरी आणि मी इथे.

आणि आता हे. भांडणात माणूस ओरडतो, ताट सरकवतो, ते मी समजू शकते. पण गुपचूप कॉम्प्युटरवर बसून बहिणीच्या पोटावर पाय द्यायचा, तोही दोन बटणं दाबून? उंदीरसुद्धा समोरून येतो.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. घास तोंडात घेतला की दादाचा आवाज आठवतो आणि पोट ढवळतं. ताटातलं सगळं टाकून दिलं.

१४ फेब्रुवारी

काल दिवसभर एकही फोन नाही. आजही नाही. आमची निम्मी गिऱ्हाइकं साइटवरूनच नंबर घेतात, हे मला आत्ता कळतंय. इतकी वर्षं मी दादाला म्हणायचे, तू बसून काय करतोस.

काम नाही म्हणून वर खोलीत पडून राहिले. झोप लागते आणि मोडते. खिडकी उघडता येत नाही, कारण समोरच्या शिंपिणीची कुरकुर, तुमच्याकडून वास येतो, आमच्या कपड्यांना लागतो. मला तर कसला वास येत नाही. माझी खोली बरोबर मागच्या खोलीच्या डोक्यावर आहे, मला आला नसता का? लोकांना तक्रार करायला काहीही पुरतं.

डावी पापणी सारखी फडफडतेय. राग कुठून तरी बाहेर पडणारच.

१५ फेब्रुवारी

साइटचं नाव जिथे नोंदवलंय त्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवलं. मग एक बाई आली. आवाज गोड, अगदी नको इतका गोड.

"मॅडम, तुमची साइट कुठे गेलेली नाही. ती होती तिथेच आहे. फक्त डीएनएस सेटिंग बदललंय."

"म्हणजे काय ते मराठीत सांगा."

ती हसली. "असं बघा, तुमचं नाव ही पाटी. पाटी वाचून माणसाला कुठल्या घरात न्यायचं, हे एका यादीत लिहिलेलं असतं. त्या यादीतला घराचा पत्ता कोणीतरी बदललाय. जुना पत्ता परत लिहिलात की झालं."

"मग तुम्हीच लिहा."

"आम्हाला परवानगी नाही, मॅडम. तुमच्या खात्यात शिरून तुम्हालाच करावं लागेल. पासवर्ड आहे ना?"

पासवर्ड नाही म्हटल्यावर म्हणाली, खात्याला जो मोबाइल जोडलाय त्यावर कोड येईल, त्यावरून नवा करता येतो. तो मोबाइल दुकानाचा. दादा जाताना ड्रॉवरमध्ये टाकून गेला होता. एवढा हुशार माणूस, सगळं करून किल्ली दारातच विसरला.

घर तेच, पाटी तीच, नुसता रस्ता वळवला. मनात घोळवत बसले. चोरी केली असती तर बरं. हा प्रकार चोरीपेक्षा घाणेरडा आहे.

१७ फेब्रुवारी

खात्यात शिरले. यादी दिसली. एका ओळीत आमचं नाव आणि पुढे चार आकडे, मध्ये टिंबं. हाच तो पत्ता. जुना पत्ता साइट ठेवणाऱ्या कंपनीच्या मेलमध्ये सापडला. यादीतला पुसला, जुना लिहिला, जतन केलं. खुर्चीला टेकून मोठ्ठा श्वास घेतला.

तासाभराने बघितलं तर आमचीही साइट नाही आणि झुरळही नाही. कोरं पान, 'सापडत नाही' म्हणून.

परत आत गेले. मी आकड्यांची अदलाबदल केली होती. दुरुस्त केलं. परत कोरं पान. दुसऱ्या ठिकाणी टिंब राहिलं होतं. स्क्रीनवरचे आकडे एकमेकांत शिरतात. दादाने ही स्क्रीन स्वस्तात आणली होती, आता भोगा. शेवटी आकडे कागदावर मोठे करून लिहिले, तर माझं अक्षर मलाच लागेना. हात थरथरत होता. घामाने कीबोर्ड ओला झाला. पंख्याखाली बसूनसुद्धा घाम. कीबोर्डच्या फटीत दादाच्या बिस्किटांचा चुरा दिसला, तेव्हा मात्र बेसिनकडे धावले आणि ओकले.

सख्ख्या भावाची इतकी किळस यावी की पोटात काही ठरू नये. असं होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१८ फेब्रुवारी

वहिनी आल्या. न सांगता. हातात डबा. आत पाऊल टाकल्या टाकल्या पदर नाकाला लावला आणि सरळ वर जाऊन माझी खिडकी उघडली.

"वन्सं, इथे झोपता तुम्ही?"

"मग कुठे झोपू? तुमच्याकडे?"

"चला की. आत्ता चला. मी तेवढ्यासाठीच आलेय."

मी जागची हलले नाही. त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढून माझ्यापुढे धरला. "डोळे बघा तुमचे. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. ह्यांनी हे महिन्यापूर्वीच पाहिलं होतं. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत."

"त्याने पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही. ह्यांना कळलं तर म्हणतील, कशाला गेलीस, ती अजून बिथरेल."

"त्या कंपनीकडून किती घेतले त्याने?"

वहिनींचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांच्या अंगावर थुंकले. "एक पैसा नाही. लोकांची कामं अडू नयेत म्हणून त्यांच्याकडे वळवलं, एवढंच. तुमच्याकडे काम आलं नाही तर तुम्ही औषध कालवणार नाही. दुसरं काय होतं त्यात?"

नवऱ्याची बाजू घेणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, गिऱ्हाइकांच्या घरी. स्वयंपाकघरात झुरळं फिरत असतात आणि म्हणतात, आमच्याकडे नाही हो, शेजारून येतात. वहिनी त्यातल्या नव्हत्या. आता त्याही झाल्या.

त्या गेल्यावर खिडकी लावली. डबा उघडला नाही.

२० फेब्रुवारी

जमलं. पत्ता बरोबर बसला. आमची साइट परत आली. बाबांचा फोटो, खाली आमचा नंबर.

पण सगळीकडे नाही. बेकरीवाल्याला विचारलं, तर त्याच्याकडे अजून झुरळच हसतंय. मदतकेंद्रातली गोड बाई म्हणाली, नवीन पत्ता जगभर पसरायला वेळ लागतो, कोणाला आत्ता दिसेल, कोणाला उद्या. जुनं काही काळ लोकांच्या लक्षात राहतं. कॉम्प्युटरच्या, म्हणजे.

दुपारी दादाचा फोन. त्यालाही दिसलं असणार.

"फिरवलंस परत."

"माझं दुकान आहे."

"आहेच."

मी फोन ठेवणार होते.

"निदान मास्क लावून जात जा," तो म्हणाला. "आणि ड्रमचं बूड बघ एकदा. मला तिथे फरशी ओली वाटली होती."

मी फोन ठेवला. हरलेला माणूस शेवटी काहीतरी सल्ला देऊन जातोच, म्हणजे आपण हरलो नाही असं वाटतं.

२३ फेब्रुवारी

वाचनालयातून काम आलं. साइटवरून. तळघरात जुन्या पुस्तकांना कसर लागलीय. ग्रंथपालबाई फोनवर अगदी रडकुंडीला आल्या होत्या. उद्या जाते. साइट परत आल्यावरचं पहिलं काम.

औषध दोन वेळा कालवलं. पहिल्यांदा माप टाकलं की नाही तेच आठवेना. मागच्या खोलीत ड्रमपाशी फरशी थोडी चिकट आहे खरी. नंतर पुसते. इतक्या दिवसांनी काम आलं तरी आनंद कसा तो नाही, डोकं नुसतं ठणकतंय. दादाने सगळ्या गोष्टींची चवच घालवून टाकली. पाणीसुद्धा पत्र्यासारखं लागतं.

२८ फेब्रुवारी

हॉस्पिटल. ही वही वहिनींनी आणून दिली. वाचली असेल तर असो.

वाचनालयाच्या तळघरात मी शेवटच्या कपाटाखाली वाकले होते एवढं आठवतं. मास्क गळ्यात होता. ग्रंथपालबाईंशी बोलायला खाली ओढला तो तसाच राहिला. मग डोळ्यांसमोर सगळं अंधारलं, छातीत पाणी भरल्यासारखं झालं आणि पाय माझे राहिले नाहीत. ग्रंथपालबाई सांगतात, माझ्या तोंडातून फेस येत होता. त्यांनी माझ्या खिशातलं कार्ड काढून त्यावरच्या दुसऱ्या नंबरला फोन केला. दुसरा नंबर दादाचा. गाडी बोलावून तोच मला इथे घेऊन आला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, गोड बोलत नाहीत, ते बरं.

"किती दिवस मळमळतंय?"

"महिना झाला असेल. पण त्याला कारण आहे. घरात भांडण चालू आहे."

"घाम, लाळ, डोळ्यांना अंधुक, हातापायांना कंप?"

"तेही त्यामुळेच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भांडणाने बाहुल्या इतक्या बारीक होत नाहीत. तुमच्या रक्तात कीटकनाशक भिनलंय. थोडं थोडं, रोज. झोपता कुठे?"

सांगितलं. त्यांनी दादाकडे बघितलं. तो दारात उभा होता. ड्रमचं बूड गळत होतं. भावाने सांगितलेलं खरं निघणं ह्यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नसेल.

२ मार्च

आज दोघांचं बोलणं झालं. बोलणं म्हणायचं म्हणून.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं. जेवताना सांगितलं, दुकानात सांगितलं, फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, मी भित्रा आहे."

"आहेसच."

"आहे."

"म्हणून माझं नाव त्या कोटवाल्या झुरळाच्या दारात नेऊन बांधलंस?"

"दुसरं काही सुचलं नाही. ड्रम उचलून न्यायला आलो असतो तर तू मला आत घेतलं असतंस? तुला काम मिळालं नाही तर तू थांबशील, एवढंच डोक्यात होतं."

"मी थांबले का?"

"नाही. तू डीएनएस शिकलीस."

परिचारिका तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नाही. मी त्याला सांगितलं, तू माझा जीव वाचवायला निघाला होतास हे मान्य, पण तू मला न विचारता माझं दुकान बंद केलंस हेही तितकंच खरं, आणि ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी तुला सोडणार नाही. तो म्हणाला, नको सोडूस. ह्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं.

रात्रीपासून मळमळ बंद आहे. सकाळी मुद्दाम करून बघितलं. डोळे मिटले आणि दादा कॉम्प्युटरवर बसून गुपचूप पत्ता बदलतोय असं डोळ्यांपुढे आणलं. राग आला, चांगला आला. पण पोट ढवळलं नाही. म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मी एकच समजून बसले होते.

नाश्ता केला. इथला नाश्ता मात्र कोणत्याही तब्येतीत किळसवाणाच आहे.

७ मार्च

दादाच्या घरी आहे. दुकान बंद. ड्रम घेऊन जायला विषारी कचऱ्याची माणसं आली होती, आमच्यापेक्षा जाड मास्क लावून. फरशी उखडावी लागणार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की आता फवारणी नाही. सध्या नाही ना, असं मी विचारलं तर म्हणाल्या, मी 'सध्या' म्हटलेलं नाही.

इथे राहणं म्हणजे शिक्षा. दादा चहा फुर्रकन ओढतो, पेपर मोठ्याने वाचतो, आंघोळीहून ओल्या पायांनी घरभर फिरतो. वहिनींना काही वाटत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही हे इतकी वर्षं कसं सहन केलंत. म्हणाल्या, "तुमच्याकडून हा प्रश्न येतोय?" आरशाच्या दिवशी जे बोलले त्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, ते निघालं नाही. भाजी निवडून दिली.

९ मार्च

साइटवरून कामं येतच आहेत. मी जिंकले होते ना, त्याचं फळ. एका शाळेचं वसतिगृह, एक पिठाची गिरणी, दोन घरं. मी नाही म्हणत सुटलेय. प्रत्येकाला कारण सांगताना जीव नको होतो.

दादा म्हणाला, "मी बदलू का?"

"हात लावू नकोस."

१० मार्च

आज मी स्वतः बदललं.

मोठ्या कंपनीकडे नाही. ते झुरळ पुन्हा आमच्या नावावर हसलेलं मला चालणार नाही, मी मेले तरी. दादाने एक साधं पान बनवलं, वेगळ्या जागी. त्यावर त्याने लिहिलं होतं, 'काही अपरिहार्य कारणास्तव आमची सेवा तूर्तास खंडित करावी लागत असल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी ते पुसून लिहिलं, 'आम्ही औषध बदलतोय. आधीचं आम्हालाच लागलं. थोडे दिवस कळ काढा.' दादा म्हणाला, गिऱ्हाइकं घाबरतील. मी म्हटलं, घाबरलेली बरी.

मग त्याच्या घरातल्या टेबलाशी बसले. तो आकडे सांगत होता, मी टाइप करत होते. एकदाही चुकले नाही. हात स्थिर होता. जतन केलं. त्याच्या फोनवर नवीन पान लगेच आलं. माझ्या फोनवर अजून बाबांचा फोटो आणि आमचा नंबर, दुकान चालू.

"येईल," दादा म्हणाला. "वेळ लागतो."

"माहीत आहे मला."

जेल कुठलं घ्यायचं ते बोललो. त्याने आधीच तीन कंपन्यांचं मागवून ठेवलंय, मला न विचारता, अर्थातच. मी म्हटलं, ठिपके मी लावणार नाही, माणूस ठेवायचा, मी फक्त कुठे लावायचे ते सांगणार. तो म्हणाला, "म्हणजे माझं टेबल घेणार तू." मी म्हटलं, टेबल नवीन घेऊ. तुझ्या टेबलात बिस्किटं आहेत.

उठायच्या आधी एक काम राहिलं होतं. पासवर्ड. जुना मीच घाईत केला होता, दादालाही सहज ओळखता येईल असा. तो बदलायचा होता. मी म्हटलं, "दादा, मी आता नवीन ठेवतेय. तुला सांगणार नाही."

त्याने मान हलवली. मी पहिलं अक्षर दाबायच्या आधीच तो खुर्चीवरून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी टाइप केला, पुन्हा टाइप केला, "झालं," म्हटलं.

तो तसाच उभा राहिला, बराच वेळ, पाठमोरा. काय बघत होता कोण जाणे. त्या भिंतीवर काहीच नाही.